बोल्टाखालची हिरवी कड

वाळूजच्या त्या रबरी नळ्यांच्या कारखान्यात कारभारी सांडूबद्दल कोणालाही विचारा, आधी त्याच्या हाताचं कौतुक ऐकायला मिळेल. एकतीस वर्षं तो तिथं इलेक्ट्रिशियन होता आणि त्यानं आवळलेला एकही जोड कधी तापला नाही. एवढं सांगून झालं की सांगणारा मागंपुढं बघतो, आवाज उतरवतो आणि म्हणतो, "पण माणूस लई कडू." कडू म्हणणं हा त्या लोकांचा भलेपणा झाला. कडू कारलंही असतं, आणि ते लोक आवडीनं खातात.

कारभारीच्या बोटात चांदीची अंगठी होती, लग्नात सासऱ्यानं घातलेली. रबर शिजवायला गंधक लागतं, ते हवेत उतरतं, आणि गंधकाच्या हवेत चांदी उजळ राहत नाही. घरी बायकोची, सारजाबाईची, जोडवी पांढरीशुभ्र असायची आणि याची अंगठी दोन महिन्यांत काळीठिक्कर. नवे साहेब लोक हवा मोजायला यंत्रं मागवायचे. कारभारी अंगठीकडं बघायचा आणि सांगायचा, या महिन्यात मागच्या खात्यातले पंखे बंद होते. ते खरं निघायचं, आणि साहेबांचं तोंड उतरलेलं बघून त्याला जेवण गोड लागायचं.

मशीन चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या पोटात दोन टिकल्या एकमेकींवर येऊन टेकतात. कामगार त्यांना पॉइंट म्हणतात. टिकली चांदीची, पॅनेलमधली जाड पट्टी तांब्याची, पुढं जाणारी केबल ॲल्युमिनियमची. तिघांच्या खोडी वेगळ्या. कोण कशानं काळा पडतो, कोण कशानं हिरवा, कोणाचा डाग नुसता दिसायला वाईट आणि कोणाचा जीव घेणारा, हे कारभारीला नुसत्या नजरेनं कळायचं. पुस्तकात हे सगळं असेलही. कारभारी सातवी शिकलेला. त्याच्याकडं ते डोळ्यांत होतं आणि तिथून ते बाहेर सांडू नये याची तो फार काळजी घ्यायचा.

ही काळजी त्याला उस्तादाकडून मिळाली होती. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत खाजामियाँचं विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. फुलंब्रीकडच्या खेड्यातून आलेला कारभारी तिथं पाच वर्षं राबला. कामातली खरी गोम आली की खाजामियाँ नेमकं म्हणायचे, "जा बेटा, दो कट चाय ला." चहा येईपर्यंत मोटारीचं झाकण पुन्हा लागलेलं असायचं. कारभारी दाराच्या फटीला डोळा लावून उभा राहायचा आणि चहा उशिरा आणल्याबद्दल शिव्या खायचा. त्या पाच वर्षांतून माणूस दोन गोष्टी शिकू शकतो. आपल्यावर आलं ते दुसऱ्या कोणावर येऊ नये, ही एक. कारभारीनं दुसरी घेतली.

धम्मपाल त्याच्या हाताखाली अकरा वर्षं होता. आयटीआय झालेला, चाळिशीला टेकलेला, दोन मुलींचा बाप. आठवीपासून डोक्यात एकच, हे असं का होतं. असा माणूस कारभारीच्या हाताखाली यावा, हे त्याचं नशीबच फुटकं. एकदा स्विच उघडला तर चांदीचे पॉइंट काळे पडलेले दिसले. धम्मपालनं पॉलिश पेपर घेतला आणि घासायला लागला. कारभारीनं थोडा वेळ घासू दिलं, खात्यातली आठ-दहा माणसं जमू दिली, आणि मग म्हणाला, "घास, घास. उद्या बायकोची जोडवी पण घेऊन ये. एकदाच घासून ठीव सगळं."

माणसं हसली. धम्मपालनं पेपर खाली ठेवला. "उस्ताद, कामून नाय घासायचं?"

"तुला सांगून मला काय भेटनारे?"

विषय संपला. धम्मपाल मग बघून बघून शिकत गेला. कारभारी कसा उभा राहतो, पाना कसा धरतो, चालू पॅनेलमधला बोल्ट आवळताना डावा हात खिशात कसा ठेवतो. हात दिसत होते, ते त्यानं उचलले. हातांच्या मागचं डोकं दिसत नव्हतं, ते राहिलं.

आणखी एक गोष्ट होती. धम्मपालच्या बाटलीतलं पाणी कारभारी कधी प्याला नाही. त्याच्या पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला असायचा, तो भरून घ्यायला तो पार गेटजवळच्या नळापर्यंत चालत जायचा. उन्हाळ्यात एकदोनदा धम्मपालनं बाटली पुढं केली तेव्हा "मला फ्रीजचं चालत नाय" म्हणाला. बाटलीतलं पाणी माठातलं होतं. धम्मपालनं पुन्हा बाटली पुढं केली नाही. असल्या गोष्टी त्याच्या घरात कोणाला समजावून सांगाव्या लागत नव्हत्या.

जूनमध्ये कारखान्याचा इंजिनिअर हिमांशू साहेब यानं कारभारीला केबिनमध्ये बोलावलं. साहेब तिशीतला, बोलायला गोड. म्हणाला, "काका, डिसेंबरात तुमची अठ्ठावन्न पूर्ण होतात. धम्मपाल तयार असेल तर खातं त्याच्याकडं देऊ. नसेल तर तुम्हालाच दोन वर्षं थांबवून घ्यावं लागेल. तुम्हाला काय वाटतं?"

"कच्चा हाय अजून," कारभारी म्हणाला.

"दिवाळीनंतर बघून ठरवतो."

कारभारी बाहेर आला आणि त्याला घर आठवलं. बजाजनगरच्या दोन खोल्यांत त्याला कोणी विचारत नव्हतं. मुलगा सत्यम पुण्यात, रविवारी फोन करायचा तो आईला. सारजाबाई ताट वाढून टीव्हीसमोर बसायची. इथं मात्र लाइन बंद पडली की शंभर माणसं त्याच्या बोटाकडं बघत उभी राहायची. ती दोन वर्षं त्याला हवी होती, आणि ती मिळायची वाट एकच होती. धम्मपाल कच्चा निघायला हवा होता.

दसऱ्याच्या तोंडावर कारभारीच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तो रजेवर गेला. कारखान्यात खंडेनवमीला मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी सगळं बंद ठेवून साफसफाई करतात. हिमांशू साहेबानं धम्मपालला बजावलं, "पूजेला मालक येणार आहेत. मेन पॅनेल चकाचक दिसलं पाहिजे."

धम्मपाल पूजेच्या वेळी मागंच उभा राहायचा. त्याचा दसरा विद्यापीठामागच्या बुद्ध लेणीवर, पांढऱ्या कपड्यांत, बायको-मुलींना घेऊन. पण सफाईचं काम त्यानं जीव लावून केलं. पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्ट्या वर्षानुवर्षांच्या हवेनं चॉकलेटी झाल्या होत्या. त्याची आई तांब्याची घागर चिंच आणि मिठानं घासायची, ती बाहेर ठेवली की उन्हात डोळे दिपवायची. त्यानं चिंच भिजवली, त्यात मूठभर मीठ घातलं आणि फडक्यानं एकेक पट्टी घासली. नंतर साध्या पाण्यानं पुसली, कोरडी केली, वरून गरम हवेचा ब्लोअर मारला. निष्काळजी माणूस नव्हता तो. पण बोल्टाच्या खाली, जिथं केबलच्या टोकाची ॲल्युमिनियमची टोपी तांब्याला चिकटलेली असते, तिथं फडकंही जात नाही आणि हवाही. पाणी तेवढं जातं. ते गेलं आणि मीठ घेऊन गेलं.

पट्ट्या लालभडक झाल्या. मालकांनी हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पॅनेलचा फोटो काढून घेतला.

पूजेनंतर बाराव्या दिवशी कारभारी कामावर आला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, आता रंग उजळ दिसतील. दिसत होते. सारजाबाईच्या लुगड्याचा काठ हिरवा आहे, हे त्याला कित्येक वर्षांनी कळलं होतं. धम्मपालनं नव्या नवरीचा चेहरा दाखवावा तसं पॅनेलचं दार उघडलं आणि बाजूला सरून उभा राहिला.

कारभारीनं पाहिलं. लाल पट्ट्या पाहिल्या, आणि तिसऱ्या बोल्टाच्या कडेनं गेलेली केसाएवढी हिरवी रेघ पाहिली. रेघेच्या खाली पिठासारखी पांढरी भुकटी होती, चिमटीत मावेल एवढी. त्याला सगळं एका क्षणात कळलं: कशानं घासलंय, पाणी कुठं मुरलंय आणि आतली टोपी किती दिवसांत पोखरून जाईल. एका रविवारचं काम होतं. पॅनेल बंद करायचं, बोल्ट खोलायचे, टोप्या बदलायच्या, ग्रीस लावून पुन्हा आवळायचे. तोंड उघडायचा अवकाश होता.

त्यानं उघडलंही. म्हणाला, "लई चमकवलं रे."

अकरा वर्षांतलं ते पहिलं कौतुक. धम्मपालनं त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं, उस्ताद आज खुश होते.

त्यानंतरचे सहा आठवडे कारभारीच्या आयुष्यातले सुखाचे होते असं म्हणायला हरकत नाही. रोज सकाळी तो पॅनेलचं दार उघडायचा आणि ती हिरवी कड किती जाड झाली ते बघायचा. उलटा तळहात बोल्टाजवळ नेऊन ऊब किती वाढली ते अजमावायचा. मग दार लावून डबा खायला बसायचा. सारजाबाईनं एकदा विचारलं, "आजकाल लई खुशीत दिसता." तो म्हणाला, "डोळा बरा झाला ना."

त्याचा हिशोब सरळ होता. एक दिवस जोड जळेल, पॅनेल काळं होईल, कारखाना दोन दिवस बंद पडेल आणि साहेबाला कळेल धम्मपाल काय लायकीचा आहे. माणूस भाजावा असं त्याच्या मनात नव्हतं. एवढं त्याच्या बाजूनं लिहायला हवं, आणि त्याच्या बाजूनं लिहिण्यासारखं एवढंच आहे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी दहाला, सगळ्या मशीन जोरात असताना पॅनेलमधून करपल्याचा वास आला. हिमांशू साहेब धावत आला. लाइन बंद करायला त्यानं साफ नकार दिला. गाडीवाल्या कंपनीचा माल त्याच दिवशी जायचा होता. धम्मपालनं दार उघडलं. तिसऱ्या बोल्टापाशी केबलचं रबर तपकिरी होऊन फुगलं होतं. त्याला वाटलं बोल्ट ढिला झालाय. ढिला बोल्ट तापतो आणि तो आवळायचा, हे त्यानं उस्तादाला दहा वेळा करताना पाहिलं होतं, तेही चालू लाइनवर.

कारभारी चार हातांवर स्टुलावर बसून चहा पीत होता.

"उस्ताद, चालूवर आवळू का?"

"आवळ की. त्यात इचारायचं काय?"

धम्मपालनं डावा हात खिशात घातला, उस्ताद घालायचा तसा. आतून पोखरलेली टोपी पाव फेऱ्यालाही टिकणार नाही, ती तुटेल आणि सुटलेली केबल शेजारच्या पट्टीवर जाऊन पडेल, हे त्या क्षणी कारभारीच्या ध्यानात आलं की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक. शेजारच्या मशीनवरच्या माणसानं एवढंच पाहिलं, की कारभारीनं कप खाली ठेवला आणि स्टूल हातभर मागं सरकवलं.

मग उजेड झाला. ज्यांनी पाहिला त्यांना दोन दिवस डोळे उघडता आले नाहीत. आवाज गेटबाहेरच्या टपरीपर्यंत गेला. डावा हात खिशातून बाहेर आला होता. पेटलेला सदरा विझवायला धम्मपालनं तोही वापरला.

चौकशी झाली, तीन दिवसांत संपली. पॅनेल चिंच-मिठानं धुवायला सांगितलं कोणी, असा प्रश्न आला तेव्हा हिमांशू साहेबाला चकाचक हा शब्द आठवला नाही. कारभारीला विचारलं, तुमच्या कसं लक्षात आलं नाही. त्यानं डोळ्याच्या डॉक्टरांचा कागद पुढं ठेवला. "नवं ऑपरेशन होतं साहेब. बारीक नाय दिसत अजून." कागद खरा होता. चूक धम्मपालची ठरली. परवानगी नसताना धुतलं आणि चालू लाइनवर हात घातला. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला कारभारीला दोन वर्षं वाढवून दिल्याचं पत्र मिळालं. त्यानं ते देवघरात ठेवलं.

सारजाबाईनंच त्याला दवाखान्यात धाडलं. "एकदा जाऊन या. अकरा वर्षं हाताखाली होता. लोक काय म्हणतील?" लोकांच्या भीतीनं का होईना, एका रविवारी दुपारी कारभारी घाटी दवाखान्यातल्या भाजलेल्यांच्या वॉर्डात गेला.

धम्मपालचा उजवा हात कोपराखाली नव्हता. डावा पांढऱ्या गाठोड्यासारखा पोटावर ठेवलेला. त्यातली दोन बोटं राहतील असं डॉक्टर म्हणत होते. चेहऱ्याची एक बाजू मलमानं चकाकत होती. बायको औषधं आणायला खाली गेली होती. उशाशी तीच जुनी पाण्याची बाटली होती आणि एक प्लास्टिकचा पेला.

"बसा उस्ताद," धम्मपाल म्हणाला. आवाज बसला होता. कारभारी खाटेजवळच्या स्टुलावर बसला. मग तोच म्हणाला, "एक इचारू का? माझं चुकलं कुठं? पडल्या पडल्या तेवढंच डोक्यात फिरू राहिलं. मी तर चांगलं कोरडं केलं होतं."

आणि कारभारीनं सांगितलं. आता सांगायला काही धोका उरला नव्हता. अकरा वर्षं दाबून ठेवलेलं ते एकदा सुटलं की थांबेना, आणि सांगताना त्याचा चेहरा फुलला. खाजामियाँनंतर एवढं चांगलं कोणाला येत नसेल, हे त्यालाही पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

"चांदी काळी पडली तर पडू द्यायची. तो काळा रंग पातळ असतो. स्विच लागतो-तुटतो, ठिणगी पडती, तिनंच तो उडून जातो. तू पेपर मारला का वरची चांदीच जाती, खालचं तांबं उघडं पडतं, आन् मंग पॉइंट चिकटून बसतात. तांब्याचं उलटं. ते चॉकलेटी झालं तर वरून काय बी बिघडत नाय, जोड आतून साफ असला म्हंजे झालं. हिरवं झालं तर समजायचं आंबट-खारट लागलंय. सोनं कशानंच खराब होत नाय, म्हून बारीक कामात लावतात, पण ते मऊ. कथील वरून लावतात, तांबं झाकायला. सगळ्यात लबाड ॲल्युमिनियम. खरवडलं का डोळ्यांदेखत वर पापुद्रा धरतं, दिसत बी नाय, आन् त्यातून करंट जात नाय. म्हून ग्रीस."

"आन् तांबं-ॲल्युमिनियम एका बोल्टात आलं तर?" धम्मपालनं विचारलं. तो मान उचलून ऐकत होता. अकरा वर्षांत ज्याची वाट पाहिली ते आज मिळत होतं आणि ते घेण्यात तो दुखणं विसरला होता.

"कोरडं हाय तंवर काय नाय. मधी खारट वल आली का दोघांचं जमत नाय. तांब्याला फार काय होत नाय. ॲल्युमिनियम खाऊन जातं. वरून टोपी धड दिसती, आत पीठ झालेलं असतं. असल्या टोपीला पाना लावायचाच नसतो. बंद करायचं, बदलायचं."

"मंग हिरवं कधी दिसाया लागतं?"

"आठ-दहा दिवसांत कड धरती. केसाएवढी असती, पण बघनाऱ्याला दिसती." हे तो ताठ बसून म्हणाला.

धम्मपालची मान पुन्हा उशीवर टेकली. तो छताकडं बघत राहिला. मनातल्या मनात दिवस मोजत असावा, कारण ओठ थोडे हलले.

"तुम्ही बाराव्या दिवशी आले होते," तो म्हणाला.

कारभारी बोटातली अंगठी फिरवू लागला.

"दार मीच उघडलं होतं. लई चमकवलं म्हणले होते तुम्ही. मी घरी जाऊन सांगितलं होतं."

"डोळ्याचं ऑपरेशन..." कारभारीनं सुरुवात केली. कागद साहेबाला चालला होता. या माणसाला आत्ताच त्यानं सगळं शिकवलं होतं, आणि माणूस पहिल्यापासून हुशार होता.

धम्मपालच्या घशातून कोरडा खोकला आला. दोनदा आला. काहीतरी करायला मिळालं म्हणून कारभारी घाईनं उठला. उशाची बाटली घेतली, प्लास्टिकचा पेला भरला आणि खाली वाकून त्याच्या ओठांपाशी धरला. धरणाऱ्या बोटातली अंगठी काळी पडली होती. धम्मपालनं पाण्याकडं पाहिलं, अंगठीकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"ऱ्हाऊ द्या उस्ताद," तो म्हणाला. "बायको आली का तिच्या हातनं पिईन."

कारभारी भरलेला पेला धरून उभा राहिला. औषधांची रांग मोठी होती. तिला वर यायला अर्धा तास लागला, आणि तेवढा वेळ धम्मपाल खोकत राहिला.